फुलल्याशिवाय छाटायचं नाही

आमच्या रोपवाटिकेच्या दारात एक फळा आहे. त्यावर माझ्या अक्षरात सात नियम लिहिलेत. पाणी किती, पिशवीत माती किती, ट्रे कुठल्या बाजूने उचलायचा, असलेच. चौथा नियम असा: फुलल्याशिवाय छाटायचं नाही. म्हणजे एखाद्या झाडाला निदान एकदा तरी फूल आलेलं आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याच्या काड्या कापून लावायच्या नाहीत. पान फसवतं, दांडा फसवतो, फूल फसवत नाही. नवीन बायका कामाला लागल्या की मी त्यांना फळ्यासमोर उभं करून हा नियम तीनदा म्हणायला लावते. एकीने एकदा हसून म्हटलं होतं, "बाई, लग्नाची मुलगी बघतानासुद्धा इतकं बघत नाहीत हो." मी तिला दिवसभर शेणखत चाळायला बसवलं.

अशी मी. आणि हा चौथा नियम मीच मोडला.

काम काय ते आधी सांगते. शहराबाहेर एक मोठं पाणथळ आहे. वीसेक वर्षं लोकांनी त्यात राडारोडा टाकला, मग कुणाला तरी त्याची कीव आली आणि ते परत जिवंत करायचा प्रकल्प सुरू झाला. बुजलेले चर उकरायचे, पाणी खेळतं करायचं आणि काठावर तिथलीच जुनी झाडं परत लावायची. लव्हाळा, पाणकणीस, नागरमोथा, आणि काठाची माती धरून ठेवायला कांचरी. कांचरी म्हणजे जमिनीलगत सरपटणारी साधीशी वनस्पती, पानाच्या बगलेत पांढरी फुलं अगदी चिकटून बसलेली. ही सगळी रोपं माझ्या रोपवाटिकेतून जातात. अठरा वर्षं मी हेच करतेय. माझ्या हातून कधी चुकीचं झाड गेलं नाही, आणि हे मी कुणाला विसरू दिलं नाही.

चर उकरायचं काम माझ्या थोरल्या भावाकडे होतं. दादाचा स्वतःचा पोकलेन आहे, तो स्वतःच चालवतो. एवढं धूड घेऊन चिखलात उतरण्याआधी हा माणूस दोनदा हॉर्न वाजवायचा, का, तर बेडकांना बाजूला व्हायला वेळ मिळावा. लोक हसायचे. मीही हसायचे. "दादा, त्यांना लायसन्सपण विचार," म्हणायचे. तो म्हणायचा, "तू तुझ्या पिशव्या भर."

पाणथळात कुठलंही यंत्र उतरण्याआधी त्याच्या चेनमध्ये अडकलेला चिखल प्रेशर पंपाने धुवायचा, हा प्रकल्पाचा नियम. बाहेरच्या चिखलातून तण येतं म्हणून. दाराशी एक तक्ता टांगलेला असतो, त्यावर तारीख घालून सही करायची. मी ही दोन कामं मुद्दाम शेजारी ठेवून सांगतेय. त्याचा तक्ता आणि माझा फळा.

लागवडीच्या वर्षी मी भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं, कांचरीची दोन हजार रोपं देणार म्हणजे देणार. साहेब म्हणाले, "बाई, पंधराशे दिलीत तरी चालेल." मी म्हटलं, "मी पंधराशेचं बोललेच नाही." साहेब म्हणजे प्रकल्पाचे अधिकारी, शांत माणूस, माझ्या तोंडाला जरा भिऊनच असणारा. मग झालं असं की ज्या वाफ्यातून मी काड्या घेते, त्या वाफ्यात माझ्याच चुकीने पाणी साचलं आणि तिसरा हिस्सा कुजला. लागवडीला दहा आठवडे उरले होते आणि सहाशे रोपं कमी होती. जाऊन सांगितलं असतं, चौदाशेच देते, तर कुणी एका शब्दाने बोललं नसतं. पण ते तोंड कुठून आणायचं?

रविवारी सकाळी मी एकटीच खेळाच्या मैदानामागच्या नाल्यावर गेले. तिथे काठाला कांचरीसारखं काहीतरी दाट माजलेलं मी जाता-येता पाहिलं होतं. समोरासमोर पानं, तोच रंग, तसाच पेराला मुळं फुटलेला दांडा. फूल नव्हतं. मी पाच मिनिटं वाकून बघत राहिले. मनात एकदा आलं, नको. मग मनात आलं, मला नाही कळणार तर कुणाला कळणार? दोन पोती भरून काड्या आणल्या, त्याच दिवशी लावून टाकल्या, आणि रजिस्टरमध्ये 'कुठून' या रकान्यात लिहिलं: आपला वाफा. रजिस्टरही माझ्याच अक्षरात असतं.

दोन हजार रोपं वेळेवर गेली. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. मी तोंड वाकडं करून, "काम आहे आमचं, टाळ्या कसल्या," म्हटलं आणि आतून फुगले.

त्यानंतर मी दुसऱ्या कामात अडकले आणि तो काठ मागे पडला. लांबून हिरवा दिसायचा, मी समाधानी होते. आठ महिन्यांनी पाणी मोजणारा तंत्रज्ञ तिथे उतरला आणि त्याच्या पायाखालची हिरवळ पाण्यावर तरंगत होती. कांचरी तरंगत नाही. ते दुसरंच होतं. बाहेरून आलेलं तण, जगभर पाणथळं गिळून बसलेलं. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, पण कामावरच्या बायकांनी दोन दिवसांत त्याला 'लोचट' करून टाकलं, कारण उपटायला जावं तर तुटतं आणि तुटलेल्या प्रत्येक पेरापासून नवीन उगवतं. कोवळेपणी ते आणि कांचरी ओळखू येत नाहीत. फरक फुलात. कांचरीचं फूल बगलेत चिकटलेलं, लोचटाचं लांब देठावर उभं.

मीटिंग भरली. कंत्राटदार, देखरेख करणारे, रोपवाटिकेच्या चार बायका, मी, दादा. साहेबांनी भिंतीवर फोटो लावला, उंच मचाणावरून काढलेला. सगळ्यांना त्यात पसरलेलं हिरवं दिसलं. मला गाठी दिसल्या. आम्ही लागवड करतो ती दोरीने, दर हाताच्या अंतरावर गाठ, गाठीशी रोप. त्या हिरव्यात जिथून जिथून तण फुटलं होतं, तिथे ते जरा जास्त गडद होतं, आणि ते गडद ठिपके गोधडीच्या टाक्यांसारखे सरळ ओळीत, सारख्या अंतरावर होते. ती ओळ मीच धरली होती. नाल्यावरची ती सकाळ जशीच्या तशी डोळ्यांपुढे आली.

साहेब म्हणाले, "हे आलं कुठून, एवढंच शोधायचंय. कुणावर आळ घ्यायचा नाही."

आणि दादा उठला. कुणी त्याला विचारलं नव्हतं, तक्ता अजून कुणी उलटलासुद्धा नव्हता. म्हणाला, "साहेब, एक दिवस माझी सही नाहीये. त्या दिवशी पंप बंद होता. मी फावड्याने चिखल खरवडला आणि तसाच आत गेलो. त्याच काठाला. माझीच चूक आहे."

साहेब माझ्याकडे वळले, कारण झाडांचं काही असलं की सगळे माझ्याकडेच वळतात. "बाई, चेनच्या चिखलातून हे येऊ शकतं?"

मी म्हटलं, "येऊ शकतं."

खोटं होतं का ते? नव्हतं. चेनच्या चिखलातून लोचट येऊ शकतं, कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं सापडेल. तीन आठवडे मी स्वतःला हेच सांगत होते. खोटं एक अक्षर बोलले नाही मी. आणि त्या दोन शब्दांत माझा भाऊ आडवा झाला.

त्याचं काम थांबवलं. आमच्या धंद्यात बातमी पाण्यासारखी झिरपते, आठवड्यात त्याची दुसरीकडची तीन कामंही गेली. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही, नुसतं 'पुढच्या महिन्यात बघू' म्हटलं. पोकलेन घरासमोर उभा राहिला. गल्लीत त्याला 'लोचटवाले' म्हणायला लागले, आधी गमतीने, मग नावासारखं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात त्याचा मी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून दाखवला होता. आता घरातच दाखवत होते.

आणि दादा काय करत होता? रोज सकाळी स्वतःहून पाणथळावर जाऊन हाताने लोचट काढत होता. कुणी सांगितलं नव्हतं, दाम कुणी देणार नव्हतं. गुडघ्यावर बसायचं, बोटांनी मुळाभोवतीची माती सैल करायची, ती चाळणीत घ्यायची, तुकडा न् तुकडा वेचून काळ्या पिशवीत टाकायचा, पिशवीला दोन गाठी. दिवसभरात एखाद्या खोलीएवढी जागा साफ होते. मी रोपवाटिकेच्या पाणथळाकडच्या खिडकीतून बघायचे. एवढा मोठा माणूस तिथे वाकलेला असायचा आणि मी इकडे पिशव्या मोजत असल्याचं नाटक करायचे.

एका संध्याकाळी वहिनीने जेवायला बोलावलं. वहिनीचं आणि माझं जुनं जमतं, म्हणजे आम्ही एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय पाणी पीत नाही. त्या दिवशी तिने एक टोमणा मारला नाही. वाढता वाढता म्हणाली, "ताई, तुम्ही यातल्या जाणत्या. मला एक सांगा. एक दिवस चेन नाही धुतली म्हणून एवढं रान माजतं?"

"माजतं कधी कधी," मी ताटात बघत म्हटलं.

"मग इतक्या वर्षांत इतरांची यंत्रं काय गंगाजलाने धुतलेली होती? ह्यांच्याच नशिबी का?"

दादा म्हणाला, "तिला कशाला विचारतेस? तिची रोपं गेली त्यात." आणि अर्धं ताट तसंच ठेवून उठला, हात धुऊन बाहेर पोकलेनपाशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, ह्याला कळलंय. कळलंय आणि मी तोंड उघडते का याची वाट बघतोय. त्या रात्री घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून स्वतःला शिव्या दिल्या, पण सकाळी उठून कामावर गेले आणि काही बोलले नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. नुसतं खवखवून काय होतं? खोकायला लागतं.

शेवटी तिसऱ्या आठवड्यात मी साहेबांकडे गेले. पण कशी गेले ते ऐका. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशी गेले. म्हटलं, "साहेब, मला वाटतं आपण घाई केली. कदाचित हे रोपवाटिकेतूनही गेलं असेल. माझ्याकडूनही चूक होऊ शकते. दादालाच धरून चालणं बरोबर नाही."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, तुमच्या रजिस्टरमध्ये ती सगळी रोपं तुमच्याच वाफ्यातली आहेत. अठरा वर्षांत तुमचं रजिस्टर कधी चुकलंय?"

इथे मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: साहेब, ते मी खोटं लिहिलंय. पाच शब्द. जिभेवर आले होते. मी म्हटलं, "तसं नाही, पण..."

"मला कळतंय," ते म्हणाले. आवाज इतका मऊ की मला तिथून पळावंसं वाटलं. "भावासाठी माणूस स्वतःवर घेतो. तुमच्याबद्दल मला आदर होताच, आज वाढला. पण असं करू नका. तुमचं नाव खराब होईल."

मी 'बरं' म्हणून बाहेर आले. बरं! माझ्या ह्या जिभेने आजवर किती माणसांना रडवलंय, आणि नेमकी वेळ आली तेव्हा तिला दुसरा शब्द सापडला नाही.

साहेबांनी हे दादाला सांगितलं, दादाने वहिनीला. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी रोपवाटिकेत आली. तिथे ती कधीच येत नाही, तिला चिखलाची शिसारी आहे. ट्रेच्या ओळींमधून साडी सावरत आली आणि सगळ्या बायकांच्या देखत तिने मला मिठी मारली. रडत होती. म्हणाली, "ताई, मी तुम्हाला मनातल्या मनात खूप बोलले हो. म्हटलं, ही बहीण असून गप्प कशी. मला माफ करा. तुमच्यासारखी नणंद कुणाला मिळत नाही."

माझे हात तिच्या पाठीवर जाईनात. मातीचे होते हे खरं, पण म्हणून नाही. पिशव्या भरणाऱ्या बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, जमीन दुभंगली तर आत जाईन. पण ती आमच्याकडे नुसती ओली होती. वहिनी गेल्यावर मी मागच्या शेडमध्ये जाऊन खताच्या पोत्यावर बसले आणि पहिल्यांदा मोठ्याने रडले. स्वतःची कीव येऊन नव्हे. स्वतःची किळस येऊन.

आता नुसतं सांगून भागणार नव्हतं. सांगितलं तरी लोक म्हणणार, बघा, भावासाठी किती करते. पुरावा हवा होता. पाणथळावरच्या ओळी एव्हाना राहिल्या नव्हत्या, अर्ध्या दादानेच उपटल्या होत्या, बाकीच्या एकमेकींत मिसळल्या होत्या. माझ्या विरुद्धचा पुरावा तो माझ्या डोळ्यांदेखत रोज पिशवीत बांधत होता.

पण एक जागा होती. त्या सहाशेतली साठ रोपं, आमच्या वाफ्यातल्या काहींबरोबर, पाणीपुरवठ्याच्या टाकीमागच्या, याच प्रकल्पातल्या एका लहान तळ्याला गेली होती. तिथे सगळं काम हातांनी झालं, एकही यंत्र गेलेलं नाही, जायला वाटच नाही. आणि हे मला आता आठवलं असं सांगितलं तर ते आणखी एक खोटं होईल. फोटो बघितला त्याच दिवशी आठवलं होतं. तीन आठवडे तिथे ते तण पसरत असेल हे ठाऊक असून मी त्या रस्त्याने गेलेही नव्हते.

सकाळी लवकर तिथे गेले. बूट घासून, धुऊन. गुडघाभर पाण्यात उतरले आणि काठ धरून चालायला लागले. पहिली ओळ, कांचरी. खरीखुरी, फुलं बगलेत. दुसरी ओळ, कांचरी. हीही आमच्या वाफ्यातली. कधी वाटलं नव्हतं की आयुष्यात असं काही मागेन, पण मी तिथे पाण्यात उभी राहून मनात म्हणत होते, असू दे. इथे लोचट असू दे. निदान एक तरी असू दे.

तळ्याच्या पलीकडच्या टोकाला ते होतं. पाण्यावर पसरलेलं, दाट, आणि त्यातून पांढरी फुलं लांब देठांवर उभी. काठाच्या बाजूने अजून गाठींचं अंतर ओळखू येत होतं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "सापडलं" म्हणाले. आणि लगेच माझंच मला ऐकू आलं. अठरा वर्षं तळी वाचवायचं काम करणारी बाई एक तळं बुडालेलं बघून खूश होत होती. कुंपणच शेत खातं, ते हे. मी एक फांदी मुळासकट काढली, बाटलीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि थेट दादाकडे गेले. साहेबांकडे आधी जायला हवं होतं कदाचित. पण पाय तिकडेच वळले.

दादा नेहमीच्या जागी गुडघ्यावर होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ये. पाय जपून ठेव, तिथे तुकडे पडलेत."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. नाला, रविवार, दोन पोती, रजिस्टर. टाकीमागचं तळं. बाटली पुढे केली. या वेळी 'कदाचित' नाही, 'असेल' नाही, काही नाही. त्याच्या बोटांत एक मूळ होतं, ते त्याने हळूहळू सैल करून अखंड बाहेर काढलं, पिशवीत टाकलं, आणि मग मागे टेकून बसला.

"मीटिंगच्या दिवशी तुला माहीत होतं?"

"फोटो लावला तेव्हाच कळलं."

"मी उठायच्या आधी?"

"आधी."

त्याने चाळणीतली माती बोटाने सारखी केली. उगाच. मग म्हणाला, "त्या दिवशी मी ताटावरून उठलो, तुला काय वाटलं?"

"वाटलं, तुला कळलंय. माझ्यावर रागावलायस."

"वेडी आहेस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मला तुझ्यासमोर बसून जेववत नव्हतं. तू एकेक काडी लावून वाढवलेलं, आणि माझ्या एका दिवसाच्या कंटाळ्याने सगळं सडलं असं मला वाटत होतं. इथे मी साहेबांसाठी येत नाही. तुझ्यासाठी येतोय. तुला तोंड दाखवता यावं म्हणून."

मी त्याच्याजवळ चिखलात बसले. त्याच्या नखांच्या कडा फाटल्या होत्या, पाण्यात राहून बोटं पांढरी पडली होती. मी हात पुढे केला तर त्याने आपला हात मागे घेतला. झटकला नाही, नुसता मागे घेतला.

"जा, साहेबांना सांग," तो म्हणाला. "मी बरोबर येणार नाही. मी आलो की परत बहीण-भावाचं नाटक होईल. आणि आधी ते दुसरं तळं बंद करायला सांग. पाणी पुढे जातं तिथून."

मी गेले. साहेबांच्या टेबलावर बाटली ठेवली, रजिस्टर उघडलं आणि त्या रकान्यावर बोट ठेवून म्हटलं, "हे खोटं आहे. मी लिहिलंय." त्यांनी चष्मा काढला नाही. त्याच दुपारी टाकीमागच्या तळ्याचं पाणी सोडायचं दार बंद झालं आणि दोन दिवसांनी परत मीटिंग भरली. तीच खोली, तीच माणसं. दादा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून. वहिनीही आली होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं. कुजलेल्या वाफ्यापासून. चौथ्या नियमाशी आले तेव्हा रोपवाटिकेतल्या बायकांपैकी एकीने, मी जिला खत चाळायला बसवलं होतं तिनेच, मान खाली घातली. माझ्यासाठी तिला लाज वाटत होती. ती हसली असती तर मला सोपं गेलं असतं.

साहेबांनी विचारलं, "पण बाई, त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत? एवढं एकच मला कळत नाही. चूक कुणाकडूनही होते."

"लाज वाटली म्हणून," मी म्हटलं. "माझं झाड कधी चुकत नाही असं मीच सगळ्यांना सांगत आले. ते चुकलं हे कळू नये म्हणून मी भावाला पुढे होऊ दिलं. तो उठला तेव्हा मला वाईट वाटलं नाही, साहेब. सुटल्यासारखं वाटलं."

हे शेवटचं वाक्य मी ठरवून आणलेलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि ते खरं होतं. वहिनीने पदर तोंडाला लावला.

साहेबांनी अहवालाचे कागद पुढे ओढले आणि दादाकडे बघून म्हणाले, "तुमची आम्ही सगळ्यांच्या वतीने माफी मागतो. अहवालातून तुमचं नाव पूर्ण काढून टाकतो. सगळ्या कंत्राटदारांना तसं पत्र जाईल. उद्यापासून काम सुरू करा."

दादा भिंतीपासून सरळ झाला. "तण माझ्यामुळे आलं नाही, ते काढा," तो म्हणाला. "पण त्या दिवशी चेन न धुता मी आत गेलो होतो. ते राहू द्या."

"अहो, त्याची आता काय गरज आहे? त्यातून काही झालंच नाही."

"झालं नाही ते नशीब. गेलो होतो हे खरं आहे ना?" तो म्हणाला. "मी ते सांगितलं तेव्हा मला कुणी विचारलंही नव्हतं. आता विचारताय, तर तसंच लिहा."

त्याने ते मला उद्देशून म्हटलं नव्हतं. माझ्याकडे बघितलंही नाही. साहेबांनी मान हलवली, पेन उचललं आणि लिहायला लागले. मी अजून उभीच होते. बसा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आपणहून बसायचा मला धीर झाला नाही.